जे आपलं नाही ते देता येतं का? : जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मालकीची गोष्ट

मागच्या वेळी आपण 'वचन' या कल्पनेवर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर ऑपरेटिंग सिस्टिमवर काय बोलणार? रास्त शंका आहे. मला संगणकातलं फार कळत नाही हे आधीच कबूल करतो. पण गेल्या वर्षी एका प्रश्नाने मला असा काही पकडला, की तो सोडवताना मी चाळीस वर्षं जे शिकवत आलो तेच पुन्हा शिकावं लागलं.

झालं असं. घरातला माळा साफ करताना एका डब्यात सात फ्लॉप्या सापडल्या. सव्वापाच इंची, काळ्या, लवचीक. तरुण मंडळींनी बहुधा पाहिल्याही नसतील. १९८६-८७ च्या सुमारास आमच्या कॉलेजात एक संगणक आला होता आणि तो दुपारी रिकामा असायचा. माझे गुरू तेव्हा हयात होते. त्यांची व्याख्यानांची टिपणं, इंग्रजीत, मधे मधे रोमन लिपीत संस्कृत, मी त्या यंत्रावर टाइप केली होती. पुढे कागदावरची मूळ टिपणं कॉलेजच्या एका कपाटाबरोबर रद्दीत गेली. कुणी मुद्दाम केलं असं नाही, पण गेली ती गेलीच. म्हणजे आता त्या टिपणांची जगातली एकमेव प्रत या सात फ्लॉप्यांवर. आणि योगायोग असा, की टिपणांचा विषय होता 'स्वत्व'. एखादी वस्तू 'माझी' आहे म्हणजे नेमकं काय आहे, हा.

माझा एक जुना विद्यार्थी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, जुनी यंत्रं जमवायचा त्याला नाद आहे. त्याने कुठूनसा एक ड्राइव्ह जोडून सातपैकी पाच फ्लॉप्या वाचल्या. दोन गेल्या, बुरशी लागली होती. फायली दिसल्या, उघडल्या, आणि प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलेलं! तो म्हणाला, "सर, या वर्डस्टारच्या फायली आहेत, सीपी/एमवरच्या. तेव्हाचं जसंच्या तसं बघायचं तर सीपी/एम लागेल आणि वर्डस्टार लागेल. दोन्ही नेटवर मिळतात. पण सर, घेऊ का?"

मी म्हटलं, "घे की. चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू, कोण विचारतंय?"

तो हसला. म्हणाला, "सर, 'कोण विचारतंय' हा नीतिशास्त्राचा युक्तिवाद नाही, असं तुम्हीच एस. वाय. ला शिकवलं होतं."

आता बोला. तर 'पकडले जाऊ का' आणि 'आपला हक्क आहे का' हे दोन प्रश्न वेगळे. आज दुसऱ्याकडे बघू.

आधी सीपी/एम म्हणजे काय ते थोडक्यात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यातला कारभारी. फाइल कुठे ठेवायची, पडद्यावर काय दाखवायचं, छापखान्याला, म्हणजे प्रिंटरला, काय पाठवायचं, हे सगळं तो बघतो. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल नावाच्या माणसाने लहान संगणकांसाठी असा एक कारभारी लिहिला. किल्डॉल कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत होते, म्हणजे आमच्याच जातीचे, मास्तर. इंटेल कंपनीसाठीही ते काम करत. त्यांनी ही प्रणाली इंटेलला देऊ केली, इंटेलने विकायला घेतली नाही. मग किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव सुरुवातीला होतं 'इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च'. आकाशगंगांच्या पलीकडचं! पुढे शहाणपण आलं आणि नुसतं डिजिटल रिसर्च राहिलं.

सीपी/एमची खरी करामत अशी, की यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी एका बाजूला काढला. त्याला नाव दिलं 'बायॉस'. हा शब्द तुम्ही आजही ऐकता. नव्या यंत्रासाठी तेवढाच भाग पुन्हा लिहायचा, बाकी सगळं तसंच. त्यामुळे शेकडो कंपन्यांच्या यंत्रांवर एकच प्रणाली चालू लागली आणि एका यंत्रासाठी लिहिलेला वर्डस्टार दुसऱ्यावरही चालला. आज तुमच्या विंडोजमध्ये 'सी ड्राइव्ह' असं जे म्हणतात ना, ती अक्षरांनी ड्राइव्ह ओळखायची पद्धत मायक्रोसॉफ्टकडे सीपी/एमवरूनच आली.

मग १९८० साली आयबीएम आलं. त्या दिवशी काय घडलं याच्या इतक्या कथा आहेत की पुराणं लाजतील. किल्डॉल विमान उडवायला गेले होते, डोरोथीबाईंनी गोपनीयतेच्या करारावर सही केली नाही, वगैरे. त्या कथांत मी शिरत नाही. नक्की एवढं, की आयबीएमने मायक्रोसॉफ्टकडून प्रणाली घेतली, आणि मायक्रोसॉफ्टने ती सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीकडून. टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ती प्रणाली सीपी/एमशी जुळेल अशी मुद्दाम घडवलेली होती. त्यासाठी आधार होता सीपी/एमची छापील, सर्वांना उपलब्ध असलेली माहितीपुस्तिका. किल्डॉल चिडले. पुढे आयबीएमने त्यांची सीपी/एमही विकायला ठेवली, पण दुकानात एक ४० डॉलरला आणि दुसरी २४० डॉलरला. निकाल काय लागणार?

इथे कायद्याचा पहिला मुद्दा येतो. किल्डॉल कोर्टात का गेले नाहीत? एक कारण असं, की संगणकाचा प्रोग्रॅम ही कॉपीराइटची वस्तू आहे हे अमेरिकेच्या कायद्यात स्पष्टपणे लिहिलं गेलं तेच मुळी १९८० च्या डिसेंबरात. शिवाय कॉपीराइट शब्दांना असतो, कल्पनेला नसतो. कुणी माझ्या नाटकाचे संवाद उचलले तर चोरी, पण माझ्यासारखंच तीन अंकी नाटक लिहिलं तर नाही. प्रणालीचं बाह्य रूप, म्हणजे 'हे मागा, ते मिळेल' अशी जी रचना असते, ती शब्द की कल्पना? यावर आजही वकिलांची घरं चालतात.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणकाचे प्रोग्रॅम आत आले. कुठे आले ठाऊक आहे? 'साहित्यकृती' या व्याख्येत. म्हणजे कायद्याच्या लेखी सीपी/एम आणि एखादी कादंबरी एकाच पंगतीला. माझ्या मराठी विभागातल्या मित्रांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते फारसं रुचलं नाही.

बरं. आता मालकीची वंशावळ बघा, कारण इथेच खरी मजा आहे.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च ही कंपनी नॉव्हेल नावाच्या कंपनीने विकत घेतली. १९९४ मध्ये किल्डॉल वारले, अवघे बावन्न वर्षांचे होते. १९९६ मध्ये नॉव्हेलने ही सगळी मालमत्ता 'कॅल्डेरा'ला विकली. कॅल्डेराच्या संस्थापकांपैकी एक होते ब्रायन स्पार्क्स. कॅल्डेराला जुन्या सीपी/एममध्ये रस नव्हता, त्यांना हवा होता मायक्रोसॉफ्टविरुद्धचा दावा. तो त्यांनी लावला आणि जानेवारी २००० मध्ये तडजोडीने मिटवला. दरम्यान १९९८ मध्ये कॅल्डेराची वाटणी झाली. घरातली असते तशीच. एका भावाकडे लिनक्सचा धंदा गेला. दुसऱ्याकडे जुनी डिजिटल रिसर्चची इस्टेट, आणि त्याचं नाव पुढे 'लिनिओ' झालं.

या खरेदी-विक्रीत सीपी/एम म्हणजे जुन्या वाड्याबरोबर आलेलं पितळी घंगाळ. कुणी यादीत लिहिलंय, कुणी नाही, वापरत कुणीच नाही. पण जगभरातले काही हौशी लोक त्या घंगाळाला लखलखीत ठेवत होते. एका गृहस्थाने सीपी/एमच्या फायली एके ठिकाणी नीट मांडून ठेवल्या होत्या आणि मालकांकडून तशी परवानगीही मिळवली होती. २००१ मध्ये तो गृहस्थ वारला.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत. परवानगी एका माणसाला दिली आणि माणूस गेला, तर परवानगी कुठे जाते? त्याच्यानंतर ते काम सांभाळणाऱ्यांनी विचारलं, तेव्हा ऑक्टोबर २००१ मध्ये ब्रायन स्पार्क्स यांनी एक छोटी ईमेल लिहिली. आशय असा, की सीपी/एम वापरण्याची, वाटण्याची, बदलण्याची मुभा आहे, पण त्या अमुक संग्रहाचा भाग म्हणून, त्याचे सांभाळणारे आणि त्याचा समुदाय यांना.

'समुदाय' म्हणजे कोण? मी पुण्यात बसून त्या संग्रहातून फाइल उतरवली तर मी समुदायात आलो का? ती मी माझ्या विद्यार्थ्याला दिली तर? त्याने नव्या यंत्रात घालून ते यंत्र विकलं तर? एकवीस वर्षं ही अस्पष्टता तशीच राहिली. सावध लोक सीपी/एमला हात लावायला कचरत होते, आणि ज्यांना कशाची फिकीर नव्हती ते खुशाल वापरत होते. सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयाने उपलब्ध केला, पण तोही बिगरव्यापारी वापरापुरता.

शेवटी जुलै २०२२ मध्ये कुणीतरी स्पार्क्स यांना सरळ विचारलं, की तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं? आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं. सीपी/एम आणि तिच्यापासून निघालेल्या आवृत्त्या वापरायला, वाटायला, बदलायला मुभा आहे. कुठल्या संग्रहाची अट नाही. शिवाय हा हक्क त्यांच्याकडे कसा आला, म्हणजे त्यांच्या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या मध्यात डिजिटल रिसर्चची सगळी मालमत्ता कशी घेतली, तेही त्यात नमूद केलं. दोन वाक्यांचं काम, एकवीस वर्षांनी. कारण काय? तोपर्यंत बहुतेकांनी अंदाजच बांधले, अर्थ खुद्द त्यांना विचारला नाही.

'हक्क माझ्याकडे कसा आला' हे सांगणं का महत्त्वाचं? इथे मी गुरुजींच्या टिपणांकडे वळतो.

मनुस्मृतीत वादांचे अठरा विषय सांगितलेत. त्यातला तिसरा आहे 'अस्वामिविक्रय'. जो मालक नाही त्याने केलेली विक्री. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे बघा. कर्ज, ठेव, आणि लगेच हा. याज्ञवल्क्यस्मृतीचं म्हणणं असं, की दुसऱ्याने विकलेली आपली वस्तू मूळ मालक परत घेऊ शकतो, आणि विकत घेणाऱ्याने लपूनछपून खरेदी केली असेल तर दोष त्याच्याही माथी. उघडपणे घेतली असेल तर तो चोर ठरत नाही, पण वस्तू सोडावीच लागते. रोमन कायद्यातही हेच सूत्र आहे, की जे तुझ्याकडे नाही ते तू देऊ शकत नाहीस.

याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा टीका लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, आणि महाराष्ट्रात वारसाहक्काचा कायदा पिढ्यान् पिढ्या या मिताक्षरेवर चालला. त्यांनी एक मूलभूत वाद घातलाय. स्वत्व शास्त्रातून येतं की लोकव्यवहारातून? त्यांचं उत्तर, लोकव्यवहारातून. कारण ज्यांना शास्त्र माहीतच नाही असे लोकही खरेदी-विक्री करतात आणि 'हे माझं' म्हणतात. नव्य न्यायाचे रघुनाथ शिरोमणी तर म्हणाले, की स्वत्व हा द्रव्य-गुण-कर्मांत न बसणारा एक वेगळाच पदार्थ आहे. मला हे एके काळी शब्दच्छल वाटायचं. सॉफ्टवेअर बघितल्यावर वाटत नाही. गाय विकली तर ती माझ्या गोठ्यातून जाते. प्रोग्रॅम दिला तर तो माझ्याकडेही राहतो, तुमच्याकडेही येतो. मग 'माझा' म्हणजे काय उरलं? एवढंच, की इतरांना 'नको' म्हणण्याचा अधिकार. वस्तू कुठेच नाही, नुसतं स्वत्व शिल्लक.

आता अस्वामिविक्रयाचं आधुनिक उदाहरण, आणि ते आहे युनिक्सचं. हे मी जरा सावकाश सांगतो.

युनिक्स ही अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली ऑपरेटिंग सिस्टिम. बेल ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. १९५६ मध्ये सरकारबरोबरच्या खटल्यात या कंपनीने मान्य केलं होतं, की टेलिफोनच्या पलीकडच्या धंद्यात आम्ही पडणार नाही. त्यामुळे युनिक्स तिला माल म्हणून विकता येईना. मग विद्यापीठांना नाममात्र रकमेत परवाना दिला, मूळ मजकुरासकट. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर ओळीगणिक भाष्य लिहिलं, आपल्याकडे सूत्रांवर भाष्य लिहितात तसं. सुमारे नऊ हजार ओळींवरचं. विद्यार्थ्यांनी प्रणाली वाचून समजून घ्यावी म्हणून.

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि परवान्यात कलम आलं, की मूळ मजकूर वर्गात शिकवायचा नाही. झालं! लायन्स यांचं पुस्तक परवानाधारकांपुरतं उरलं. मग ते झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगभर फिरलं. मला हे वाचून आपल्या कॉलेजांसमोरची झेरॉक्सची दुकानं आठवली. कित्येक पिढ्यांनी त्या दुकानांवर ज्ञान मिळवलंय, आणि ते कायदेशीर आहे का हा प्रश्न २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठमोठे परदेशी प्रकाशक उभे होते. न्यायमूर्ती एंडलॉ यांनी निकालात म्हटलं, की कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही. म्हणजे कायद्याने दिलेला, कायद्याने बेतलेला हक्क. दावा फेटाळला गेला. पुढे खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण शिकवण्यासाठी प्रती काढण्याची सूट मान्य केली.

लायन्स यांचं पुस्तक रीतसर छापलं गेलं १९९६ मध्ये, लेखन झाल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी.

दरम्यान युनिक्सची मालकी एटी अँड टीकडून १९९३ मध्ये नॉव्हेलकडे गेली. हो, तीच नॉव्हेल. १९९५ मध्ये नॉव्हेलने युनिक्सचा धंदा एससीओ नावाच्या कंपनीला विकला. जुन्या युनिक्सचे प्रेमी एससीओच्या मागे लागले, तेव्हा १९९८ मध्ये तिने शंभर डॉलरला 'प्राचीन युनिक्स'चा वैयक्तिक परवाना द्यायला सुरुवात केली. पंचवीस-तीस वर्षांची वस्तू आणि 'प्राचीन'! आम्ही वेद शिकवणारे लोक, आम्हाला गंमत वाटते. २००१ मध्ये एससीओचा हा धंदा घेतला कॅल्डेरा सिस्टिम्सने. म्हणजे मघाशी सांगितलेल्या वाटणीतला पहिला भाऊ. आणि जानेवारी २००२ मध्ये त्याने पत्र काढलं, की सातव्या आवृत्तीपर्यंतचं जुनं युनिक्स आणि त्याचं ३२व्ही नावाचं भावंडं, घ्या, मोकळं. फक्त आमचं नाव आणि सूचना कायम ठेवा.

सगळे खूश. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने, एससीओ हे नाव घेऊन, आयबीएमवर प्रचंड दावा ठोकला, की आमचं युनिक्स लिनक्समध्ये घातलं. तेव्हा नॉव्हेल उठून उभी राहिली. "थांबा. आम्ही धंदा विकला होता, कॉपीराइट नाही!" १९९५ च्या करारात वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत कॉपीराइटचा उल्लेख होता, १९९६ च्या दुरुस्तीची भाषा संदिग्ध होती. सात वर्षं खटला चालला. २०१० च्या मार्चमध्ये ज्यूरीने सांगितलं, कॉपीराइट नॉव्हेलकडेच राहिले आहेत. २०११ मध्ये अपिलातही तेच कायम झालं.

मग २००२ च्या त्या पत्राचं काय? ज्याने उदारपणे दान केलं तो स्वामीच नव्हता, असा याचा अर्थ होतो का? कडक शास्त्राने बघितलं तर शंका घ्यायला जागा आहे. दुसऱ्या बाजूने, त्या कंपनीकडे इतरांना परवाने देण्याचा काही अधिकार करारानेच होता, मग हे पत्र त्यात बसतं असंही म्हणता येईल. व्यवहारात काय झालं? नॉव्हेलने त्या पत्राच्या भरवशावर जुनं युनिक्स वापरणाऱ्या हौशी लोकांना कोर्टात खेचलं नाही. विद्यापीठांनी, संग्राहकांनी ते उघडपणे वापरलं. आठवतं ना, याज्ञवल्क्य लपूनछपून आणि उघडपणे यांत फरक करतो? आणि विज्ञानेश्वर म्हणतात, स्वत्व लोकव्यवहारातून कळतं? मी वकील नाही, पण एवढ्या वर्षांच्या उघड व्यवहाराला काहीच वजन नाही असं मला म्हणवत नाही.

२०१७ मध्ये आठव्या, नवव्या, दहाव्या आवृत्तीबद्दल नोकिया-बेल प्रयोगशाळेच्या बाजूने निवेदन आलं. त्यातला शब्दप्रयोग बघण्यासारखा. 'आम्ही देतो' असं नाही. बिगरव्यापारी वापराविरुद्ध आम्ही आमचा हक्क बजावणार नाही, असं. 'दिलं' आणि 'विचारणार नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक. शेजाऱ्याने आंब्याचं झाड तुमच्या नावावर करणं वेगळं, आणि तुमची पोरं आंबे पाडतात तेव्हा त्याने तोंड फिरवणं वेगळं. आंबे दोन्हीकडे मिळतात. पण दुसऱ्या बाबतीत झाड तुमचं झालेलं नसतं.

आता आपल्या कायद्यात माझ्यासारख्याला काय करता येतं ते पटकन सांगतो. कलम ५२ मध्ये काही सुटी आहेत. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे, तो सुरक्षेसाठी जादा प्रत काढू शकतो. वैयक्तिक बिगरव्यापारी वापरासाठीही प्रत काढता येते, पण मूळ प्रत कायदेशीर मार्गाने मिळालेली हवी. म्हणजे सगळं अडतं ते पहिल्या प्रतीपाशी. ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल साठवण करायची मुभा २०१२ पासून आहे, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची 'अ-डिजिटल' प्रत आधीपासून असायला हवी! पुस्तकासाठी ठीक. ऑपरेटिंग सिस्टिमची अ-डिजिटल प्रत कुठून आणायची? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पोथी होती, फ्लॉपी नव्हती.

'अ‍ॅबँडनवेअर' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मालकाने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर. कायद्यात अशी जातच नाही. विकणं बंद केलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. हक्क सोडायचा तर त्यासाठी कलम २१ आहे, रीतसर सूचना देऊन सोडावा लागतो. बाकी मुदत संपेपर्यंत थांबायचं. अमेरिकेत कंपनीच्या कामाची मुदत साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे १९७० च्या दशकातली प्रणाली २०७० च्या दशकात मोकळी होणार. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. किल्डॉल एकटेच लेखक धरले तर २०५४ अखेर. मी तेव्हा नसेन, फ्लॉप्या तर त्याआधीच मातीमोल होतील. माझी खरी तक्रार इथे आहे. शाई शंभर वर्षं टिकते म्हणून मुदत शंभर वर्षांची केली, ते एक वेळ समजू शकतं. चुंबकी पट्टी वीस-तीस वर्षांत मरते. मुदत संपेल तेव्हा मोकळं व्हायला काही उरलेलंच नसेल. कायद्याला न जुमानता ज्यांनी या वस्तू जपल्या त्यांच्यामुळेच आज त्यांना परवानगी देण्यात काही अर्थ उरलाय, हे कबूल करायला हवं. मी नीतिशास्त्र शिकवलंय, तरी कबूल करतो.

तर माझ्या विद्यार्थ्याने सीपी/एम बसवलं, २०२२ च्या पत्राच्या आधारे, निर्धास्तपणे. आणि वर्डस्टार? तो वेगळ्या कंपनीचा, मायक्रोप्रोचा. त्याची मालकी १९९४ मध्ये सॉफ्टकी नावाच्या कंपनीत विलीन झाली आणि पुढे त्या कंपनीचीही उलथापालथ झाली. त्याला कुणी स्पार्क्स भेटलेला नाही. आम्ही तो उतरवला नाही. पण मग लक्षात आलं, की त्याची गरजच नव्हती. वर्डस्टार ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या करण्यासाठी प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर एक खूण करायचा, अक्षराचा रिकामा असलेला आठवा बिट वापरून. म्हणून शेवटची अक्षरं बिघडलेली. पोराने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून ती खूण पुसली आणि गुरुजी बोलू लागले. पानाच्या शेवटी बिंदू देऊन 'पीए' असं लिहिलेलं अजून दिसतं, म्हणजे 'इथे नवीन पान'. ते मी काढू दिलं नाही.

वेळ झाली आहे, पण एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मग जुनं डॉस किंवा विंडोज ९५ घेतलं तर चालेल का?

डॉसचं सोपं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये पहिल्या दोन पिढ्यांचा मूळ मजकूर संग्रहालयामार्फत फक्त बघायला दिला, २०१८ मध्ये तोच खुल्या परवान्याखाली आणला, आणि २०२४ मध्ये ४.०० आवृत्तीही. तेवढं निर्धास्त घ्या. विंडोज ९५ बद्दल असं काही झालेलं नाही. तुमच्याकडे जुनी विकत घेतलेली प्रत आणि परवाना असेल तर जपून ठेवा.

प्रश्न : आणि गुरुजींची टिपणं? ती वाचायला मिळतील का आम्हाला?

मला वाटलंच होतं हा प्रश्न येणार. अहो, टिपणं टाइप मी केली, फ्लॉप्या माझ्या माळ्यावर, म्हणून ती माझी होत नाहीत. गुरुजींना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, म्हणजे अजून बत्तीस वर्षं हक्क त्यांच्या वारसांचा. ताईंना, त्यांच्या मुलीला, भेटून आलो. त्यांनी चहा दिला, डोळे पुसले आणि लगेच एका कागदावर लिहून दिलं, 'आमची काही हरकत नाही.' घरी येऊन वाचलं आणि हसू आलं. हे नोकियाचं निवेदन झालं, स्पार्क्सचं नव्हे. पुन्हा फोन केला, म्हटलं, "ताई, 'हरकत नाही' नको, 'परवानगी देतो' असं लिहा, आणि दादांचीही सही लागेल, तेही वारस आहेत." दादा न्यू जर्सीत असतात. त्यांना मागच्या महिन्यात सविस्तर ईमेल पाठवली आहे. उत्तर आलं की पहिलं व्याख्यान इथेच वाचून दाखवतो.